मापाचं झंपर

अक्का, पैठणच्या स्टँडवर आई आणि तू मला बसमध्ये बसवायला आला होतात, तो दिवस तुला आठवत असेल. लग्नाला दोन महिने झाले होते, ह्यांना वाळूजच्या कंपनीत कायम केलं होतं आणि मुकुंदवाडीत एक खोली मिळाली होती. बसच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असायचं. गाडी सुटता सुटता आईनं खिडकीतून एक कापडी पिशवी आत ढकलली. मला वाटलं, दशम्या असतील. उघडून बघते तर माझंच एक जुनं झंपर, नीट घडी घातलेलं. "मापाचं हाय," आई म्हणाली. "शहरातल्या शिंप्याला अंगाला टेप लावू देऊ नको. हे दे, म्हणावं ह्याच्यापरमाणं शिव." लोक लेकीला जाताना काय काय सांगतात, आपल्या आईनं ब्लाउज दिला. मी हसले आणि मग बिडकीनपर्यंत रडत गेले.

आईचं मी तंतोतंत ऐकलं. तेवीस वर्षांत इथल्या कुठल्याच शिंप्यानं माझ्या अंगाला टेप लावली नाही. जुन्या ब्लाउजवरून नवा शिवायचा, तो चांगला बसला की पुढच्या वेळी तोच मापाला द्यायचा. तूही तेच करतेस, मला ठाऊक आहे. आपण अंघोळसुद्धा परकर छातीवर बांधून केली. "बाईच्या जातीनं पाणीबी कापडावरून घ्यावं," हे आईचंच. इथं एका खोलीचं दोन खोल्यांचं घर झालं, फ्रीज आला, मोरीला टाइल्स लागल्या, पण आरसा अजून तोच आहे, टिकली लावण्यापुरता.

आता जे लिहिणार आहे ते तुला माहीत नाही. गेल्या वर्षी मी तुला फोनवर सांगितलं की पिशवी काढली. आपल्याकडं पिशवी काढलेली बाई घरटी एक सापडते, म्हणून कुणी पुढं विचारत नाही. तूही "जपून ऱ्हा, वजन उचलू नको" म्हणालीस आणि फोन ठेवलास. पिशवी नव्हती, अक्का. डाव्या बाजूला गाठ होती, आणि गाठीबरोबर डावी छाती काढली. तुझी वैशाली लग्नाची. मावशीला झालं म्हणजे रक्तातच आहे, असं म्हणायला सोयरे टपून बसलेले असतात. म्हणून बोलले नाही. हा कागदही मी तुला पाठवणार नाही, पण कुठंतरी तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

ऑपरेशननंतर डावा हात वर जाईना. सुजायचासुद्धा. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पाण्यात हलवा, पोहता येत असेल तर उत्तम, नाहीतर खांदा असाच धरून बसेल." पोहता येत असेल तर! मला हसू आलं. धरणाच्या पाण्यात फ्रॉक कमरेला खोचून मी तुझ्या पुढं निघून जायचे, आणि तू काठाजवळून "माघारी फिर, मुडदे!" म्हणून शिव्या द्यायचीस. मग मी न्हाती झाले आणि आईनं पाणी बंद केलं. इतक्या वर्षांनी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते परत मिळत होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

तलावावर दुपारी बायकांची बॅच होती. दारावरच पाटी होती, पोहण्याचा कॉस्च्यूमच हवा, साडी आणि पंजाबी ड्रेस चालणार नाही. म्हणून मी औरंगपुऱ्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. आणि अक्का, जाताना मी पिशवीत काय घातलं असेल? मापाचा ब्लाउज. दुसरं काही सुचलंच नाही. कपडा घ्यायचा तर माप न्यायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं.

दुकानातली पोरगी गोड होती. "आंटी, बॉडी का शेप बोलो ना, उस हिसाब से दिखाती," म्हणाली. मला समजेना. मग तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली. एक बाई नाशपातीसारखी, एक सफरचंदासारखी, एक मधेच आवळलेल्या डमरूसारखी. आपल्या गावात बायकांच्या दोनच जाती, अंगानं भरलेली आणि वाळकी. इथं फळांची गाडीच लागलेली. पोट असेल तर गडद रंग आणि मधे चुण्या, मांड्या जड असतील तर खाली झालरीचा स्कर्ट, खांदे रुंद असतील तर जाड पट्टे, असं ती मन लावून सांगत होती. मी एकेक चित्र बघत गेले. माझं चित्र त्यात नव्हतं.

मी ब्लाउज काढून काउंटरवर ठेवला. "ह्याच्यापरमाणं दाखव." पोरगी आधी हसली, मग तिनं तो दोन्ही हातांनी पसरून बघितला. दोन वर्षांपूर्वीचा, दोन्ही बाजूंनी भरलेल्या बाईचा. "आंटी, इस में तो आपका फिगर मस्त है," ती म्हणाली. तिचा काही दोष नाही. मी मान डोलावली.

तिनं दिलेले दोन कॉस्च्यूम घेऊन मी पडद्यामागं गेले. तिथं पायापासून डोक्यापर्यंत आरसा होता. सत्तेचाळीस वर्षांची झाले आणि अख्खं अंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एका बाजूला वय झालेली बाई, दुसऱ्या बाजूला सपाट, आणि मधून गोधडीच्या टाक्यासारखा व्रण. चांगली होते तेव्हा मी स्वतःकडं एकदाही बघितलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटलं. त्या अंगाला मी कधी ओळखलंच नाही आणि ते गेलं. बाहेरून पोरगी विचारत होती, "आंटी, बैठा क्या? बाहर आओ, देखती मैं." मी बाहेर गेले नाही. काळा, छातीवर झालर असलेला घेतला. झालरीनं वरचं अंग भरलेलं दिसतं, असं तिनंच सांगितलं होतं.

झालरीवर माझा भरवसा नव्हता. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला सुती पुरचुंडीत मोहरी भरून ब्लाउजच्या आत ठेवायला शिकवलं होतं. दोन्हीकडं सारखं दिसतं, खांदाही कलत नाही. तीच पुरचुंडी मी कॉस्च्यूमच्या आत दोन टाके घालून बसवली. स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

पाण्यात उतरले तेव्हा पहिली पाच मिनिटं, अक्का, मी पुन्हा आपल्या धरणात होते. हात दुखत होता तरी वर जात होता. मग मोहरी भिजली, जड झाली, टाके उसवले आणि पुरचुंडी घसरून पोटावर आली. मी शिडीनं वर चढले तेव्हा सगळ्या बायकांना दिसलं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मी शिवी तरी दिली असती. एका बाईनं आपल्या पोरीला दंडाला धरून पाण्याबाहेर घेतलं आणि पोहणं शिकवणाऱ्या बाईंना हळूच विचारलं, "पाण्यातून काही होत नाही ना हो?" त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, काही नाही झालं, उद्या या." मी गेले नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, मग त्यांनीही सोडून दिलं. खांदा मॅडमनी सांगितला तसाच धरला. आता वेणी लेक घालून देते.

मागच्या महिन्यात वैशालीची सुपारी फुटली. मी माहेरी तुझ्याकडं आले, ओटी भरली, जेवले. दुपारी तू मला परसात घेऊन गेलीस आणि म्हणालीस, "आज तरी ऱ्हा की गं. वरीस झालं, पाव्हण्यावाणी येती आन् जाती. सकाळी न्हाऊ घालते, पाठ घासून देते, पहिल्यावाणी." तिथंच पत्र्याच्या तीन भिंतींची न्हाणी आणि दाराच्या जागी तुझ्या जुन्या साडीचा पडदा. मी म्हणाले, "ह्यांची पहाटची शिफ्ट हाय, डबा कोण करील?" ह्यांची त्या आठवड्यात सुट्टी होती. तू मला पाच वाजताच्या गाडीत बसवलंस आणि रुसून माघारी न बघता गेलीस.

इथल्या बायका माहेरचं नाव काढलं की हळव्या होतात. कुणाला तिथलं चुलीवरचं वांगं आठवतं, कुणाला चिंच. माझ्यासाठी माहेर म्हणजे घरून अंघोळ करून जायचं आणि पुढच्या अंघोळीआधी परतायचं गाव. वैशालीचं लग्न होईल, मग तिला मुली होतील, त्याही लग्नाच्या होतील. सांगायची वेळ कधी यायचीच नाही. तू एकदा चिडून विचारलं होतंस, असं काय दिलं गं तुला त्या शहरानं? अक्का, आतून कडी लागणारी मोरी दिली. मी आता तिथंच राहते.