मुकी वरात

सक्करदऱ्याचे रामाजी चाळीस वर्षं वरातींच्या बँडमध्ये कॉर्नेट, ती तीन कळांची पितळी तुतारी, वाजवत होते. दात पडले तसं कॉर्नेट खुंटीला लागलं.

एका दुपारी नात हर्षाने त्यांना मोबाइलवर जुनी फिल्म दाखवली. सव्वाशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडातलं कुठलंतरी शहर, रस्ताभर टोप्याच टोप्या, मिरवणुकीत बँड.

"आवाज नाही याले, आबा. मुकी आहे."

"मुकी कुठं वं? त्या दुसऱ्या रांगेतल्याचे बोटं पाह्य." गुडघ्यावर तीन बोटं आपटत रामाजी गुणगुणू लागले. मग हसले. "अन् हा मिशीवाला लबाड आहे. नुसता तोंडाले लावून चालून राहिला."

"कसं समजलं?"

"गाल कुठं फुगले त्याचे?"

हर्षा आत गेली आणि एक सीडी घेऊन आली. तिचे वडील विक्रम, म्हणजे रामाजींचा मुलगा, रामाजींच्याच बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. ती तीन वर्षांची असताना गेले. त्यांचं वाजवणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. शेजारच्या मिनलच्या वरातीच्या या सीडीत ते दिसायचे, पण शूटिंगवाल्याने वर सिनेमाची गाणी चढवली होती. हर्षाने सीडी कॉम्प्युटरवर लावली आणि आवाज बंद केला.

"आता सांगा, बाबा काय वाजवून राहिले?"

रामाजी पुढे झुकले. विक्रमची बोटं बरोबर चालली होती, एक कळ चुकत नव्हती. गाल मात्र सपाट होते. घामाने कॉलर भिजली होती.

पडद्यावरच्या रामाजींनी मागे वळून काहीतरी म्हटलं. विक्रम ओशाळं हसला.

"इथं तुम्ही काय म्हटलं?"

'काय मुर्दाड वाजवून राहिला गा? जेवला नाही का?' सगळ्या वरातीसमोर रामाजींनी म्हटलं होतं. त्या वरातीनंतर नवव्या दिवशी विक्रम गेला. हृदय केव्हाचंच थकलं होतं, असं रामदासपेठेतले डॉक्टर मागाहून म्हणाले.

"काही नाही. पुढं चाल म्हटलं."

"अन् गाणं?"

हर्षा बोटांकडेच पाहत होती. रामाजींनी पडद्यावरच्या बोटांवर नजर ठेवली आणि त्यांच्या मागोमाग बोळक्या तोंडाने धून गुणगुणू लागले. दुसऱ्या कडव्यात त्यांना धाप लागली. ते थांबले.

विक्रमची बोटं चालतच होती.