आळशी ग्रंथीची गोळी

चेंचो, थायरॉइडच्या गोळ्या माणसांसाठी असतात. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण हे वाक्य मी कधी फळ्यावर लिहिलं नाही. लिहावं लागेल असं वाटलंच नव्हतं. चूक माझी; जगात तू आहेस हे मी हिशेबातच धरलं नाही. आता तू गेलास, समोर भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून कागदावर भांडते आहे.

एवढं लिहून एदुविखेसबाईंनी चष्मा पुसला. धाकट्या भावाला, क्रेसेंसियो शोलाल्पाला, पुरून नऊ दिवस झाले होते. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोत त्याला सगळे चेंचोच म्हणत. शेजारणी रोज संध्याकाळी जपमाळा घेऊन येत आणि त्याचे गुण गात: शांत, समजूतदार, ऐकून घेणारा. बाईंना यातला एकही माणूस ओळखीचा वाटेना. त्यांचा चेंचो कालव्यातल्या चिनांपावर, म्हणजे गाळ रचून केलेल्या शेतात, कोथिंबीर पिकवायचा आणि सहसा कोणाचं ऐकायचा नाही. ऐकलंच तर अर्धं.

शेताच्या कडेला त्याचं सिमेंटचं टाकं होतं. त्यात अहोलोत्यांची, म्हणजे सरड्यासारख्या पण पाण्यातच राहणाऱ्या प्राण्यांची, एक जोडी. डोक्यामागे कल्ल्यांचे लाल तुरे, चेहऱ्यावर कायमचं बावळट हसू. बापाच्या कालव्यातली ती शेवटची जोडी. बाकीचे अहोलोते घाण पाण्यानं आणि बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी संपवले होते. "यांचा वंश बुडवू नकोस," एवढं सांगून बाप गेला. आणि जोडी दोन वर्षं अंडी घालायचं नाव घेत नव्हती.

त्याच सुमारास चेंचोची बायको तोमासा दिवसाढवळ्या पेंगू लागली. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड आळशी झालंय. गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत तोमासानं स्वयंपाकघराला चुना लावला आणि न्याहारीआधीच नवऱ्याच्या चुका काढायला सुरुवात केली. चेंचो गोळ्यांकडे आदरानं पाहू लागला.

एका रविवारी जेवताना त्यानं विचारलं, "ताई, ही ग्रंथी जनावरांना असते?"

निवृत्त मास्तरणीला कोणी प्रश्न विचारला की काय होतं, ते सांगायला नको.

"असते तर! तिला लागतं आयोडिन, आणि ते मूळचं समुद्राचं. आपले आदिम पूर्वज पाणी गाळून खायचे. त्यांच्या घशात एक चिकट पन्हळ होती, तिच्यात अन्न अडकायचं आणि आयोडिनही. त्याच पन्हळीची पुढे ही ग्रंथी झाली."

"म्हणजे तोमासाच्या गळ्यात समुद्राचं गटार आहे."

"तुमच्या डोक्यात आहे," चुलीपाशी घेवडा भरलेले मक्याचे त्लाकोयो भाजणारी तोमासा म्हणाली.

"ऐका रे! बेडकाचं पिल्लू शेपूट टाकतं ते या ग्रंथीच्या रसानं. तुझे अहोलोते जन्मभर पोरंच राहतात, कारण त्यांची ग्रंथी तो रस पुरेसा सोडत नाही."

"म्हणजे आळशी."

"म्हण हवं तर," बाई म्हणाल्या आणि आणखी एक त्लाकोयो घेतला. पोरं राहूनही ते अंडी घालतात, किंबहुना तीच त्यांची खुबी, हे सांगायचं राहून गेलं. त्लाकोयो गरम होता.

दुसऱ्या दिवसापासून चेंचो टाक्यात रोज एक गोळी विरघळवू लागला. घरात तोमासा पुन्हा पेंगू लागली; तो म्हणाला, हवा बदलली. तिकडे अहोलोत्यांचे तुरे आखडले, शेपटीचा पडदा विरला. चेंचो खूश. सुस्ती झडते आहे म्हणे!

तिसऱ्या आठवड्यात त्यानं फोन केला. "ताई, लवकर ये. मादी मला डोळा मारतेय."

"प्यायला आहेस का सकाळी सकाळी?"

"देवाशपथ! टाक्याच्या काठावर बसलीय आणि मारतेय."

बाई होडीनं पोचल्या. मादी खरोखर काठावर बसून पापण्या मिटत होती. अहोलोत्याला पापण्या नसतात; वाढून जमिनीवर आला तरच फुटतात. नर टाक्याच्या तळाशी मरून पडला होता. गोळ्यांची रिकामी पट्टी चेंचोच्या खिशातून डोकावत होती, म्हणून चौकशी फार लांबली नाही.

"हिला परत पोर करता येईल?" त्यानं विचारलं.

"नाही. कोणालाच येत नाही."

"मला वाटलं, उठतील. हिच्यासारखे." त्यानं घराकडे मान केली.

मादी हळूहळू कोथिंबिरीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मग चेंचो म्हणाला, "ताई, तुझी ती विद्यार्थिनी, शोचित्ल, अहोलोते वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत आहे ना? तिला एक जोडी माग. बापाची नसली तरी याच कालव्यांतली. मी गेलो तर दारातूनच हाकलतील. तू मास्तरीण आहेस."

"विचारते."

विचारायचं तर काय घडलं ते सांगावं लागणार. गोळी चेंचोची, पण व्याख्यान कोणाचं? हुशार विद्यार्थिनीसमोर हे सांगणं बाईंच्या जिवावर आलं. नाताळ होऊ दे, म्हणाल्या. फेब्रुवारीतला कँडेलारियाचा सण होऊ दे. पाऊस सरू दे. चेंचो दर शनिवारी टाकं घासून नवं पाणी भरत राहिला. आयुष्यभर कटकट करणाऱ्या त्या माणसानं या एका गोष्टीची आठवण मात्र पुन्हा करून दिली नाही.

प्रयोगशाळा धक्क्यापासून बसनं वीस मिनिटांवर आहे. चेंचो होता तोवर बाई गेल्या नाहीत.