वर्षाराणीची लस

माझी नणंद वर्षाराणी तेवीस वर्षांची. कसबा बावड्यात दूध संस्थेत फॅट बघायला असते. दुधात पाणी असलं की ते कुणाचं दूध आहे हे ती बघत नाही, सरळ परत करते. असल्या खमक्या पोरीला एक लस घ्यायला घरात भांडावं लागलं, याची मला अजून चीड येते.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस; तो शरीरसंबंधातून लागणाऱ्या विषाणूनं होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या वयात सहा महिन्यांत तीन डोस. वर्षाराणीनं त्यांना शंभर प्रश्न विचारले आणि मगच घरी विषय काढला. तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"पावण्यांस्नी कळलं तर? लग्नाआधी असली लस कशाला लागत्या, म्हणतील की!"

मामंजींनी री ओढली. "आपल्या घरात कुणाला झालाय का असला रोग?"

इथं माझं डोकं फिरलं. मामंजींची सख्खी बहीण, सोनूबाई आत्या, याच रोगानं गेली. शेवटचे चार महिने तिला मागच्या खोलीत ठेवलं, तिचं सगळं मी केलं. पण पोरींच्या सोयरिकी अडतील म्हणून गावाला सांगितलं, पोटाचं दुखणं. वर्षाराणीलाही तेच सांगितलं. सांगणाऱ्यांत मीही होते.

मी सगळं बोलून टाकलं. वर्षाराणीनं तिथंच होणाऱ्या नवऱ्याला, अमरसिंहला, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"माझी आत्या कॅन्सरनं गेली. त्याची लस मी घेणार हाय."

"घे की," तो म्हणाला. "पण आईला नको सांगूया. उगंच इषय वाढंल."

शिकलेला, नोकरीतला माणूस हा!

"आईकडं फोन द्या," वर्षाराणी म्हणाली. "मीच सांगतो त्यास्नी."

सासूबाई हात जोडून नको नको करत होत्या. वर्षाराणीनं अमरसिंहच्या आईला आत्याचं, लसीचं सगळं सांगितलं. पलीकडून फोन कट झाला.

आज नऊ दिवस झाले, त्या घरून निरोप नाही. पहिला डोस मात्र दुसऱ्याच दिवशी झाला. मी सोबत गेले होते. येताना रिक्षात ती गप्प होती. लग्नाचं मनाला लागलंय असं समजून मी समजूत घालायला लागले.

"लग्नाचं जाऊ दे वैनी," ती म्हणाली. "आत्याला काय झालंय ते मला तवाच सांगायचं हुतं. मी तिच्याजवळ बसलो असतो. एकटीला ठेवलासा तिला तुमी."