गुरुवारचा फोटो

एक डबा, सहा बायका आणि पाच मोबाईल. दर गुरुवारी सकाळी दहाला, बाजाराला जाताजाता, आमच्या बारामतीच्या गल्लीत हा तमाशा व्हायचा आणि मला तो फाटकातून बघावा लागायचा, कारण समोरच्या एका खोलीत राहणाऱ्या चाचांच्या दारातच तो चालायचा. चाचा ऐंशीला टेकलेले, एकटे. एकेकाळी इंदापुरात त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजून पिंजून छाती गेली, मग बायको गेली, दुकान गेलं आणि चाचा इकडं राहायला आले. बायका होत्या आमच्याच भागातल्या महिला मंडळाच्या. डब्यावर 'एकाकी ज्येष्ठांना मायेचा घास' असं स्टिकर चिकटवलेलं असायचं.

ते स्टिकर फोटोत दिसायलाच हवं. "चाचा, डबा असा धरा. असा नाही हो, असा. टोपी नीट करा. आणि एवढं हसू नका!" म्हातारा हसला तर बिचारा दिसत नाही ना! मग एकजण त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची, खटाखट फोटो निघायचे आणि गाडीकडं परत जाताना तीच बया पर्समधून बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळायची. मी हे या डोळ्यांनी पाहिलंय. शी!

फोटोचा माझा राग तसा जुना. लोणी भापकरच्या बाजूला अंगणवाडीत मी जन्म काढला. शेवटी शेवटी काय व्हायचं, पोरांच्या पुढ्यात खिचडी वाढायची आणि फोटो नीट येईपर्यंत "थांब, खाऊ नको" म्हणायचं. लेकरं ताटाकडं बघत बसलेली आणि मी मोबाईल धरून उभी. लाज वाटायची, पण नोकरी होती. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, आता कुणाच्या घासाचा फोटो आपल्या डोळ्यांदेखत निघू द्यायचा नाही.

आणि मीही चाचांना द्यायचेच की! नवरा गेल्यापासून मीही एकटीच, आणि एका माणसापुरती आमटी कधी होते का? वाटीभर आमटी, एखादी भाकरी, सकाळचा चहा. कुणाला सांगितलं नाही, कुठं मिरवलं नाही. त्यांनीही एकदा माझी दगडासारखी झालेली गादी उसवली, कापूस मोकळा केला आणि पुन्हा शिवून दिली. दोन दिवस खोकत होते, मी नको नको म्हणत होते, तरी ऐकलं नाही. याला शेजार म्हणतात, असं मी मनातल्या मनात त्या बायकांना सुनवायचे.

एका गुरुवारी मात्र माझा तोल गेला. चाचांना उन्हात उभं केलेलं, त्यांना खोकल्याची उबळ आलेली आणि एक बाई म्हणते, "थांबा गं, खोकला थांबू दे, तोंड वाकडं येतंय." मी चपलाही न घालता रस्ता ओलांडला.

"लाजा वाटत नाहीत का गं? म्हातारा गुदमरतोय आणि तुम्हाला त्याच्या तोंडाची पडलीय! चाचा म्हणजे काय दरवेशाचं अस्वल वाटलं? डबा द्यायचा तर गुमान द्या, नाहीतर चालत्या व्हा!"

सगळी गल्ली बाहेर आली. मंडळाची मुख्य बाई गोरीमोरी झाली. "मावशी, चांगलं करायला गेलं की असंच होतं," एवढंच म्हणाली आणि फोटो न काढताच डबा ओट्यावर ठेवून सगळ्या निघून गेल्या. पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोन्ही वेळचा डबा स्वतः सुरू केला. खरं सांगते, मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पण चाचांचं काहीतरी बिनसलं. गुरुवार आला की नऊलाच दाढी करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून, खुर्ची बाहेर टाकून बसायचे. नजर गल्लीच्या टोकाकडं. अकरा वाजले की उठून आत जायचे. माझा डबा अर्धा परत यायला लागला, मग तर झाकणही न उघडता. तिसऱ्या गुरुवारी मला त्यांचीच किळस आली. मी जाऊन तोंडावर बोलले, "काय चाचा, चटक लागली व्हय फोटोची? माझं अन्न गोड लागंना आणि त्या नटव्यांची वाट बघताय?"

चाचा म्हणाले, "बाई, मला कशाला पायजे फोटो? ती बघायची."

"कोण ती?"

"लेक."

त्यांना लेक आहे हेच मला माहीत नव्हतं. भिगवणला असते, हायवेला नवऱ्याबरोबर खानावळ चालवते. इथून तासाभराचा रस्ता. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा चाचांनी चार लोकांत सांगितलं होतं, तू मला मेलीस. त्याला अकरा वर्षं झाली. ना तिचा फोन, ना यांचा. मंडळाच्या मुख्य बाईचं माहेर भिगवणचं, दोघींची ओळख. बाईनं गुरुवारचे फोटो मोबाईलच्या स्टेटसला टाकले की सगळ्यात आधी लेक बघायची, आणि बाई ते चाचांना येऊन सांगायची.

"येकदा तिनं बाईला लिवलं," चाचा म्हणाले, "अब्बांचा शर्ट मळका हाय, त्यांना सांगा. अकरा वर्सांत येवढंच. तवापासनं मी गुरवारी धुतलेला शर्ट घालतो."

"अहो, मग त्याच दिवशी मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी माज्यासाठीच भांडत हुता. काय सांगू?"

त्या बायकांची कधी आली नव्हती एवढी शिसारी मला माझी आली. माझ्या रागाला मी माया समजत होते. मला आवडत नाही म्हणून फोटो बंद पाडले आणि त्या म्हाताऱ्याला काय हवंय हे एकदाही विचारलं नाही. मेलं माझं तोंड!

तशीच उठून मी मुख्य बाईच्या दारात गेले. तिनं मला उभंच ठेवलं. "मला माहीत होतं सगळं," ती म्हणाली. "पण गल्लीसमोर अब्रू काढलीत तुम्ही. पुन्हा कुठल्या तोंडानं यायचं आम्ही?" मी हात जोडले. शेवटी ती उठली, म्हणाली, "चला. पण फोटोत तुम्हीही उभ्या राहा." चाचांच्या दारात जाऊन उभी राहिले. आतून जळत होते, तरी दात काढून हसले.

पाच मिनिटंही झाली नसतील, तिचा मोबाईल वाजला. तिनं वाचलं, तिचा चेहरा उतरला आणि तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. चाचांना बारीक अक्षर दिसत नाही.

"काय लिवलंय? वाचा की, बाई."

मी वाचलं. वाचावंच लागलं.

"अब्बा हायत? तीन गुरवार फोटो आला नाही. मला वाटलं, गेले. विचारायची छाती झाली नाही. मी घरातच त्यांच्या नावानं मयताचा फातेहा पढले."

चाचा खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. म्हणाले, "लावा फोन तिला."

मी मोबाईल त्या बाईला परत दिला. तो नंबर लावायची माझी लायकी नव्हती.