नकाशाबाहेरचा धूर

वीज कशी तयार होते हे शिकवायला मी नववीच्या वर्गात उभा होतो आणि प्रोजेक्टर लागत नव्हता. वायर हलवून झाली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, भिंतीवरचं बटण दाबा ना." बोरीवलीतल्या या शाळेत मी कित्येक वर्षं विज्ञान शिकवतोय.

वर्गाचं हसून झाल्यावर खेळ सुरू झाला. पडद्यावर एक शहर, त्याला वीज पुरवायची. धरण बांधा, पवनचक्क्या उभारा, सौर पॅनल लावा, नाहीतर कोळसा जाळा. दिवे गेले तर गुण कापतात, शहरावर धूर साठला तरी कापतात. मुलांनी आधी पुस्तकातल्यासारखं सगळं स्वच्छ केलं, तर संध्याकाळी शहर अंधारात. मग कोळसा आणला, तर धुराने शहराची वाट लागली.

तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने माउसने ते कोळशाचं केंद्र ओढत ओढत नकाशाच्या अगदी शेवटच्या चौकोनात नेऊन ठेवलं. शहर लखलखलं आणि धुराचा आकडा शून्य.

"धूर गेला कुठे गं?"

"बाहेर, सर. वारा तिकडेच जातो."

"बाहेर म्हणजे?"

"नकाशा संपला ना. तिकडे काय नाय."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

'तिकडे' माझी सासुरवाडी आहे. विदर्भात, कोळशाच्या औष्णिक वीज केंद्राच्या कुंपणापर्यंत चालत जाता येईल अशी. सासरे बसायच्या आधी खाटेवरची राख फडक्याने पुसतात आणि वाळलेलं धोतर झटकल्याशिवाय नेसत नाहीत. गेल्या हिवाळ्यात लागलेला खोकला उन्हाळ्यातही गेला नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, यांना इथून हलवा. बायको तेव्हापासून म्हणत होती, बाबांना आपल्याकडे आणू. मी नाही असं कधी म्हटलं नाही. पावसाळा होऊ दे म्हटलं, दिवाळी होऊ दे म्हटलं, मग परीक्षा. दोन खोल्यांत अजून एक माणूस मावतो, एवढं विज्ञान मलाही येतं. पण सासरे फोनवर म्हणायचे, "जावईबापूले काहून तरास?" आणि ते मला सोयीचं पडायचं.

टाळ्या वाजवताना यातलं काहीच डोक्यात नव्हतं. घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे गोष्ट सांगायला बसलो, त्या मुलीची नक्कल करून, माउस ओढल्यासारखा हात करून. लेक हसली. बायको फोन हातात धरून ओट्याशी उभी होती. "तिकडे काय नाय" हे माझ्या तोंडून निघालं, आणि ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. तरी मी गोष्ट पुढे रेटली. थांबलो असतो तर का थांबलो तेही सांगावं लागलं असतं.

तिने मला गोष्ट संपवू दिली. मग म्हणाली, भावाचा फोन होता. बाबांना तिथल्याच दवाखान्यात ठेवलंय, ऑक्सिजनवर.

मी म्हटलं, "इकडे घेऊन येऊ. रविवारीच निघतो मी."

मुंबईत तिची बोली बरीच बदलली आहे, पण माहेरचा फोन झाला की परत येते.

"आता काहून आणता? डॉक्टर म्हणतात, प्रवास नाही झेपत त्यांना. आपल्यालाच जायचं आहे. तुम्हाला सुट्टी भेटते का ते पाहा आधी, तुमची परीक्षा आहे न."