रुपचंद आबांचं हसू

नरडाण्याजवळच्या त्या गावात दोन भावांत वाटणीवरून जुंपली की रुपचंद आबांना बोलावणं यायचं. आबा बोलत कमी, ऐकत जास्त. एके सकाळी म्हशीचं दूध काढता काढता ते कलंडले. लकवा होता. धुळ्याच्या दवाखान्यातून परतले तेव्हा डावा हात लुळा, पाय ओढत चालणं. पण बोलणं शाबूत होतं. थोडक्यात निभावलं, असं लोक म्हणाले.

मग नको तिथे हसू फुटायला लागलं. चहा पिताना, कुणी तब्येत विचारली की. धाप लागेपर्यंत थांबत नसे. कधी तसंच रडू. अशा वेळी बायको ताईबाई दार लोटून घ्यायची.

पौषात धाकटा भाऊ पुना वारला. दोघांनी एकाच विहिरीवर पाणी भरत उमर काढली होती. तिरडी उचलायच्या वेळी आबांनी भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि ते मोठमोठ्यानं हसू लागले. पुनाच्या मुलाने, कुंदनने, दंड धरून त्यांना बाजूला केलं.

"घर लई जा यास्ले," तो ताईबाईला म्हणाला.

दहाव्याला आबांना बोलावलं नाही.

"मी हासनू नही," ते ताईबाईला पुन्हा पुन्हा सांगत. "मना भाऊ मरना. मी रडी ऱ्हायंतू."

मुलगा सुरतेला नोकरीला, म्हणून सून रत्ना त्यांना धुळ्याला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "लकव्यानं हसण्या-रडण्यावरचा ताबा जातो. आत दुःख असतं, तरी चेहरा हसतो. गोळ्यांनी कमी होईल." रत्नाने हे कुंदनला जाऊन सांगितलं.

"बठ्ठा गावनी देखं, वहिनी," एवढंच तो म्हणाला. सगळ्या गावाने पाहिलेलं तो विसरायला तयार नव्हता.

हसू कमी झालं. आबा मात्र घराबाहेर पडेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. गावात भांडण झालं तर लोक आता दुसऱ्याकडे जात.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पुनाची बायको मंदाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आली. तिला बघताच आबांचे ओठ थरथरले आणि हसू फुटलंच. ताईबाई लगबगीनं उठली.

"ऱ्हाऊ दे, अक्का," मंदाबाई म्हणाली. हसू ओसरेपर्यंत ती समोर बसून राहिली. मग तिने ताट पुढे सरकवलं.

आबांनी घास घेतला. कुंदन अजूनही त्यांच्या दारावरून जात नाही.