एका शब्दाचे नऊ अर्थ

इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला. त्यामुळे कुठलाही शब्द समोर आला की त्याचे सगळे अर्थ पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही खोड एकदा पुतण्याच्या जिवावर बेतणार होती.

तो मिरजोळ्याच्या कारखान्यात आंब्याचा पल्प काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच कामासाठी कंबोडियाला गेला आणि तिसऱ्या आठवड्यात तापाने फणफणला. दुपारी त्याची आई, म्हणजे माझ्या वहिनी, मोबाइल घेऊन धावत आल्या. तिथल्या सोबत्याने इंग्रजीत कळवलं होतं, 'दवाखान्यात आणलंय. शुद्ध नाही. कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते का, ते नर्सला सांगा. तिला इंग्रजी बोलता येत नाही. फोन तिच्याकडे देऊन मी त्याचे कागद आणायला जातोय.'

पेनिसिलीनची येते. लहानपणी एका इंजेक्शनने तो आमच्या हातात निळा पडला होता.

मी लॅपटॉप उघडला. ऑनलाइन शब्दकोशात रिअ‍ॅक्शनचे नऊ अर्थ, प्रत्येकापुढे ख्मेर, म्हणजे तिथल्या भाषेतला शब्द, अक्षरं सोऱ्यातून पडलेल्या चकलीसारखी. हा रसायनातला, तो राजकारणातला, तिसरा नुसता उत्तर देण्याचा. एकाचा उच्चार दिला होता, प्रतिकाम. अरे, हा तर आपल्याच संस्कृतातला प्रतिकर्म! भलत्या वेळी मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मग धास्ती वाटली, चुकीचा लिहिला तर? पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.

"भावोजी, तुमी शोधीत बसलाव, तिकडं ती सुई भरतेय!"

वहिनींनी एव्हाना व्हिडिओ कॉल लावला होता. "थांबा, वाक्य होतंय," मी चक्क खेकसलो. त्या थांबल्या नाहीत. कपाटातून पोराची जुनी फाइल काढली. तिच्यावर डॉक्टरांनी औषधाचं नाव ठळक इंग्रजी अक्षरांत लिहून खाली लाल रेघा मारल्या होत्या. ती कॅमेऱ्यासमोर धरून त्या हात हलवत राहिल्या, "नको गो बाय, नको."

नर्सने फाइलवरचं नाव पाहिलं, मग बाटलीवरचं. भरलेली सुई तिने ट्रेमध्ये ठेवली आणि कुणाला तरी हाक मारली.

महिन्याभराने पोरगा घरी आला. जेवताना त्याने विचारलं, "त्या नर्सला कळवलं कुणी?"

वहिनी भात वाढत होत्या. "भावोजींनी. तिच्याच भाषेत."

तो तसाच उठून माझ्या पाया पडला. मला लाज वाटली. तरी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. खरं काय ते त्याला अजून सांगितलेलं नाही.